चादरीमागचा चौक

७ मार्च १९५४, बोरिवली

रोजनिशी लिहिण्याची मला सवय नाही, आवडही नाही. लिहावं लागतंय ते नलिनीमुळे. नलिनी आमच्या महिला मंडळाची सेक्रेटरी. कालच्या सभेत मी चाळीस मिनिटं बोलले. इतिवृत्तात तिने लिहिलं : माणिकबाईंनी डोंगरातल्या बायकांविषयी माहिती सांगितली, नंतर चहा झाला. तेव्हा खरी नोंद कुठेतरी राहायला हवी. ती इथे राहील. दुसऱ्या कोणी वाचू नये. यजमान वाचणार नाहीत. पोस्टमास्तर म्हणून रिटायर झाल्यापासून पेपरापलीकडे ते काही वाचत नाहीत.

काल सांगितलं ते असं. आमच्याकडे सरपणाच्या मोळ्या घेऊन येते ती शेवंती, वारली, आठ दिवस आली नाही. जाब विचारायला मी स्वतः, छत्री घेऊन, कान्हेरीच्या वाटेने तिच्या पाड्यावर गेले. ती घरी नव्हती. झोपडीच्या भिंतीवर चित्र होतं. गेरूवर पांढरं. मधोमध चौकोन, त्यात देवी, भोवती माणसं, झाडं, घोडा, नाचणाऱ्यांचा फेर. मी वीस मिनिटं उभी होते. मी सहसा कुठे वीस मिनिटं उभी राहत नाही.

ही कला धुराने आणि पावसाने जाणार. सरकार अर्ज मागवील. मंडळ चहा पिईल. म्हणून मी करणार. खाजगी प्रयत्न.

योजना : आमच्या पुढच्या खोलीच्या भिंतीवर तसंच चित्र, पाड्यावरच्याच बायकांकडून. १८ एप्रिलला उद्घाटन. नंतर बायकांचे वर्ग. वर्षअखेर बोरिवली हे या कलेचं केंद्र होईल.

जेवताना शुभाने पुन्हा जयवंतचा विषय काढला. हा विषय दोन वर्षांपूर्वी बंद झालेला आहे. मुलगा रेल्वेत ड्राफ्ट्समन, कॉलेजात इंटर नापास, दहिसरला चाळीत आईबरोबर राहतो. मूळचे मालवणकडचे, आई गिरणीत होती. जातीचा प्रश्न नाही. जात मी मानत नाही. इंटर मानते.

शुभा म्हणाली, आई, मी सव्वीस वर्षांची आहे, शाळेत पोरांना भूमिती शिकवते, मला कळतं. मी म्हटलं, भाजी वाढ.

१० मार्च

भिंत निश्चित केली. पश्चिमेची, साडेआठ फूट रुंद. तिथे यजमानांची आरामखुर्ची असते. ती व्हरांड्यात हलवायला सांगितली. त्यांनी विचारलं, मी पेपर कुठे वाचू? म्हटलं, व्हरांड्यात. म्हणाले, तिथे ऊन असतं. म्हटलं, सूर्यप्रकाश हाडांना चांगला. खुर्ची स्वतःच उचलून नेली. पटलं असावं.

मुख्य पाहुण्या म्हणून सांताक्रूझच्या रिटायर्ड जज्जांच्या पत्नीला पत्र टाकलं. स्पष्ट, दीड पानी.

१४ मार्च

शेवंती मोळी घेऊन आली. तिला बसवून योजना सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, लगीन कोनाचं हाय, बाय? म्हटलं, लग्न नाही. कला आहे. म्हणाली, बरं. मोळी टाकून गेली.

१६ मार्च

शेवंती आली. लगीन कोनाचं? कला म्हणजे काय ते सोप्या शब्दांत पुन्हा सांगितलं. ग्रीकांचं उदाहरण दिलं. बरं म्हणाली.

१८ मार्च

पुन्हा तेच. आता माझ्या लक्षात आलं. ही घासाघीस आहे. भाबड्या दिसतात पण पक्क्या असतात. दोन नऊवारी लुगडी, एक कंदील आणि पायलीभर तांदूळ देऊ केले. शेवंतीने लुगड्याचा पोत बोटांनी बघितला, चांगलं हाय म्हणाली, आणि घडी होती तशी परत ठेवली. जाताना म्हणाली, बुधीला घेऊन येते, तूच सांग तिला.

निश्चय : बुधीपुढे एक पैही वाढवायची नाही.

२३ मार्च, सकाळी १०

बुधी आली. शेवंतीची चुलतसासू. त्यांच्या लग्नांत गाणी म्हणून लग्न लावते ती धवलेरी. भटजीचं काम बाई करते. ही प्रथा पुरोगामी आहे, तसं मी तिला सांगितलं. तिने मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि पान मागितलं.

मग म्हणाली, भिंतीवरचा देवीचा चौक लग्नाचा. लग्न असंल तर सवाष्णी लिहितील, मी गाईन, देवी येईल. नवरी नाय नि देवीला बोलावली, तर ती कोनासाठी बसंल? आनि एकदा बसली तर उठंल कधी? तुझ्या घरातच राहील. तुला चालंल?

मी तर्कशास्त्र घेऊन बी.ए. झाले आहे (१९२४, सेकंड क्लास). असल्या ठिकाणी ते उपयोगी पडतं. म्हटलं, या घरात लग्नाची मुलगी आहे. लग्नाच्या मुलीचं लग्न होतंच. म्हणजे या घरात लग्न आहे. कुठेही खोट नाही.

बुधी म्हणाली, कवा?

म्हटलं, वैशाखात. ही थाप नव्हे. कुठल्याही योजनेला एक तारीख द्यावी लागते.

नवऱ्याचं नाव काय? गाण्यात घालावं लागतं.

मी विचार करत होते. तेवढ्यात व्हरांड्यातून, पेपराच्या मागून, यजमान म्हणाले, जयवंत. गाव मालवणकडचं. सध्या दहिसर.

नाव सांगून पेपराचं पान उलटलं. रिटायर झाल्यापासून इतकं सलग बोलले नव्हते.

मी दुरुस्ती केली नाही. गाण्यापुरतं एक नाव हवं होतं, ते मिळालं. काम अडता कामा नये. बुधीने दोन्ही नावं तीन वेळा पुटपुटली आणि पदराला गाठ मारली. नलिनी असं नाव गाठीत बांधत असती तर मंडळाच्या निमंत्रणांत नावं चुकली नसती.

३० मार्च

भिंतीवर फिकट निळा डिस्टेंपर होता. बुधी म्हणाली, यावर देवी टिकत नाय. डिस्टेंपर खरवडला. शेण लावलं, वर गेरू. घरात गोठ्याचा वास आहे. शेजारी विचारून गेले की काय झालं. म्हटलं, सांस्कृतिक कार्य.

शुभाने शाळेतून येऊन नाक धरलं आणि हे कशासाठी म्हणून विचारलं. मी कला सांगितली. लग्नाचा उल्लेख केला नाही. तिला गैरसमज होण्याचा संभव होता.

६ एप्रिल

पाडवा होताच काम सुरू. शेवंती आणि तिची जाऊ चितारतात, बुधी गाते. तांदळाचं पीठ पाण्यात कालवलेलं. बांबूची काडी, टोक चावून मऊ केलेलं. मी फोर्टमधून मुद्दाम आणलेले तीन ब्रश दिले. एकाने शेवंतीने पाटा झाडला.

सूचना दिल्या. १) माणसांना मानेखेरीज तोंडही असावं. नाक, डोळे. २) थोडा निळा रंग. ३) कोपऱ्यात पंचवार्षिक योजनेतलं एखादं धरण.

बुधी म्हणाली, निळा आताच खरवडला नाय का, आता परत कशाला?

७ एप्रिल

गाणं सकाळपासून. खिडक्या उघड्या. दर चार ओळींनंतर नाव येतं, शुभा नवरी, जयवंत नवरा, दहिसरचा घोडा. बुधीचा आवाज रस्त्यापलीकडे जातो. अकराच्या सुमारास समोरच्या बाई साखर घेऊन आल्या. त्यांना समजावलं की लोकगीतात नावं सांकेतिक असतात. होय का, म्हणाल्या. साखर ठेवून गेल्या.

दुपारपर्यंत आणखी चौघी. चार वाजता नलिनी. अगं माणिकताई, म्हणाली, मला कळवायचं तरी! आम्ही काय परके? मंडळातर्फे रुखवत मी करते हं. मी सांगायला तोंड उघडलं तेव्हा ती बेसनाच्या लाडवांची संख्या ठरवत होती.

साडेपाचला शुभा आली. दारातच थांबली. आत बुधी गात होती. शुभा दप्तर खांद्यावर तसंच ठेवून उंबऱ्यात उभी होती, पाच मिनिटं तरी. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहत होते. रात्री तिने दोनदा भात घेतला. मुलीला उशिरा का होईना, लोककलेची गोडी लागते आहे.

८ एप्रिल

चित्र फार सुंदर होतं आहे. हे मी फक्त इथे लिहिते. बायकांना सांगितलं की डावीकडची नारळाची झाडं सारख्या उंचीची नाहीत.

उजव्या कोपऱ्यात वरात आहे. घोडा, वर, वाजंत्री, नाचणारे. वाटेच्या बरोबर मधोमध, घोड्यासमोर, एक बाई आडवी उभी आहे. एक हात वर, दुसऱ्या हातात छत्री. धरणाऐवजी हे काढलेलं दिसतं. शेवंतीला विचारलं, ही कोण? तिने पदर तोंडात घातला आणि तिच्या जावेला एकदम खोकला आला. बुधी म्हणाली, वाटंत आसते अशी एक. परत्येक लग्नात आसते.

जंगल खात्याची कोणी बाई असावी. निरीक्षण सूक्ष्म आहे.

९ एप्रिल

चित्र पूर्ण. आणि नवी अडचण. बुधीने आमची पलंगाची चादर मागून घेतली आणि चौकावर टांगली. म्हणाली, लग्नाच्या दिवशी भगत येईल, अंगात आलं का तोच काढील. तवर देवीचं तोंड कोनी बघायचं नाय. उघडली तर तिचा कोप त्या नवरीवर.

मी अंधश्रद्धा मानत नाही. तरी चादर असणं सोयीचंच आहे. उद्घाटनाला पडदा लागतोच. मुख्य पाहुण्या दोरी ओढतील. बुधी ऐनवेळी ऐकेल. माझं शेवटी सगळे ऐकतात.

१८ एप्रिल, संध्याकाळी ७

प्रोग्रॅम उत्तम झाला. उपस्थिती सत्तावीस.

मुख्य पाहुण्या जज्जीणबाई वेळेवर आल्या. मी पन्नास मिनिटं प्रास्ताविक केलं. सगळे चादरीकडे तोंड करून बसले होते. चादरीच्या कोपऱ्यावर धोब्याची खूण दिसत होती, ती आधी लक्षात यायला हवी होती. चादरीपुढे बुधी, शेवंती आणि तिची जाऊ मांडी घालून बसल्या होत्या. मी म्हटलं, आता पाहुण्यांच्या हस्ते अनावरण. तिघीही हलल्या नाहीत.

बुधी म्हणाली, नवरा कुठं हाय?

मी खालच्या आवाजात सांगितलं की आज नवरा नाही, आज अनावरण आहे. ती वरच्या आवाजात म्हणाली, तू वैशाख बोललीस, आज चैत्र हाय. गाण्यात नावं बांधली. आता काय, चादर उचलून पोरीवर संकट आणतेस? तू आई हाय ना?

सत्तावीस बायका. सगळ्यांच्या माना माझ्याकडे.

शुभा मागच्या दाराशी उभी होती. तिने काही म्हटलं असतं तर उत्तर देता आलं असतं.

जज्जीणबाई समजूतदार. म्हणाल्या, अहो, अगदी बरोबर आहे त्यांचं, आपण घाई कशाला करायची? लग्नालाच येते मी. पर्समधून छोटी डायरी काढली. नऊ मे मला मोकळी आहे. चालेल ना? नलिनी म्हणाली, चालेल. मंडळ म्हणालं, चालेल. व्हरांड्यातून यजमान म्हणाले, चालेल.

तेव्हा अनावरण मी ९ मेपर्यंत पुढे ढकललं आहे.

२० एप्रिल

पर्यायी योजना. लग्न हवं ना, मग कोणाचंही चालेल. शेवंतीला म्हटलं, तुमच्या पाड्यावरचं एखादं जोडपं आण, इथे लग्न लावू, खर्च माझा, जेवण माझं. शेवंती इतकी हसली की तिला मोळी उतरवून ठेवावी लागली. म्हणाली, बाय, आमची लग्नं आमच्या मांडवात होतात. तुझ्या पोरीच्या नावाचा चौक, त्यात आमच्या पोरी का बसवतेस? तुला तुझी जड झाली काय?

हा प्रश्न अप्रस्तुत होता.

२१ एप्रिल, दुपारी

घरी कोणी नाही अशा वेळी चादर स्वतः उचलून बघायचं ठरवलं. निव्वळ शास्त्रीय प्रयोग. पुढच्या खोलीत गेले तर यजमान बसलेले. आरामखुर्ची पूर्वीच्या जागी, चादरीसमोर. म्हटलं, व्हरांडा? म्हणाले, ऊन असतं.

चादरीचा कोपरा हातात धरून मी थोडा वेळ उभी होते. मग तिला इस्त्री हवी आहे असं दिसलं, ते मोलकरणीला सांगायचं ठरवून आत आले. अंधश्रद्धेचा काही संबंध नाही.

२५ एप्रिल

जयवंतला बोलावून घेतलं. त्याचं नाव केवळ तांत्रिक कारणासाठी वापरलं गेलं आहे, त्यावरून त्याने कसलाही निष्कर्ष काढू नये, हे समोरासमोर सांगणं न्याय्य होतं. तो आईला घेऊन आला. मी आईला बोलावलं नव्हतं.

सगळं सांगितलं. तो मान हलवत ऐकत होता. त्याच्या आईने चहा बशीत ओतला, प्याली, आणि मला म्हणाली, गे बाये, गाण्यात नाव घातलंस, आता खंय पळतलंस? आणि हसली. दात दोनच आहेत पण हसणं मोठं आहे. मला ‘गे बाये’ अशी हाक गेल्या तीस वर्षांत कोणी मारलेली नाही.

मी जयवंतला चार प्रश्न विचारले. पैकी तीन चुकला. इंटर पुन्हा का दिली नाही, हा चौथा. म्हणाला, वडील गेले, आईच्या गिरणीत टाळेबंदी होती, कोणीतरी नोकरी धरायला हवी होती. या उत्तराला किती मार्क द्यायचे ते मी ठरवलेलं नाही.

जाता जाता तो चादरीसमोर थांबला. उचलली नाही. भिंतीला हात लावून म्हणाला, या बाजूला ओल येतेय, पावसाळ्याआधी बाहेरून सिमेंट लावायला हवं, नाहीतर चित्र जाईल. मी उद्या येऊन लावतो.

महिनाभर ही भिंत मी रोज बघते आहे. ओल मला दिसली नव्हती.

२ मे

माझा निर्णय बदललेला नाही. शुभा आणि जयवंत यांचा विषय बंदच आहे. फक्त लग्नाची तारीख ठरली आहे, कारण अनावरणाची ठरली आहे, आणि जज्जीणबाईंना दुसरा दिवस मोकळा नाही.

शुभाला तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, हो आई, अनावरणासाठीच. आणि माझ्या गळ्यात हात टाकले. पोळ्या करत होते, तवा तापलेला होता. तसं तिला सांगितलं. तिने हात काढले नाहीत. एक पोळी करपली.

निश्चय : लग्नात कलेवर वीस मिनिटं बोलायचं. पंधरा तरी.

९ मे, रात्री ८

लग्न झालं. आमच्या भटजींनी आमचं केलं. मग भगताने घुमत घुमत चादर ओढली. बुधीने गाण्यातलं शेवटचं नाव घेतलं आणि पदराची गाठ सोडली.

भाषणाचे कागद हातात होते. मी उभी राहिले. पण कोणी भिंतीकडे बघत नव्हतं. सगळे शुभाकडे बघत होते. जज्जीणबाईसुद्धा. मग मीही बघितलं. पंधरा मिनिटं बोलायचं राहून गेलं.

पंगती उठल्यावर चष्मा लावून चित्र जवळून पाहिलं. चित्र अप्रतिम आहे. घोड्यासमोरच्या त्या बाईच्या छत्रीची एक काडी मोडलेली दाखवली आहे. माझ्या छत्रीचीही एक काडी मोडलेली आहे. काळ्या छत्र्या सगळ्या सारख्याच मोडतात.

बायकांचे वर्ग कधी सुरू करायचे ते बुधीला विचारलं. म्हणाली, वर्ग कसला? तुझ्याकडे आता पोर नाय लग्नाची. नातीच्या वेळेला बोलव.

नलिनीने जाण्यापूर्वी इतिवृत्त दाखवलं. त्यात लिहिलं आहे : माणिकबाईंच्या कन्येचा विवाह थाटात झाला. भिंतीवर चित्र होते. नंतर चहा झाला. मी दुरुस्ती केली नाही.

आज हवाली केलेल्या वस्तूंची नोंद.

बुधी, शेवंती व तिची जाऊ यांना : लुगडी तीन, तांदूळ ठरल्याप्रमाणे, कंदील एक. बुधीने चादरही मागितली. दिली.

यजमानांना : पश्चिम भिंतीसमोरची जागा, कायमची.

मंडळाला : न वापरलेले ब्रश दोन. तिसऱ्याला पाट्यावरचं खोबरं लागलं आहे.

जयवंत व त्याची आई, दहिसर, यांना : शुभा. वय सव्वीस, बी.ए. निघताना बुधीनेच माझ्या खांद्याला धरून मला फाटकातून बाजूला केलं. वाट मोकळी पाहिजे म्हणाली.

शुभाला : छत्री एक, काळी. पाच वाजताही ऊन होतं. परत कधी आणणार ते विचारलं नाही.